बेंझिनच्या दोन वाट्या

न्यूमा कालामच्या घड्याळांचं आज केवढं नाव झालंय! पॅरिसला दुकानाच्या काचेमागे मखमलीवर एकच घड्याळ मांडलेलं असतं. लोक बाहेरून बघतात आणि पुढे जातात, आत शिरायची कुणाची छाती होत नाही. त्या कारखान्याचा जाडजूड इतिहासही छापून झालाय. त्यात न्यूमाच्या मिशा आहेत, त्याच्या सासऱ्याच्या मिशा आहेत, पहिल्या मनगटी घड्याळाचं पानभर चित्र आहे. त्या घड्याळाची बालकमान जिने बसवली त्या बाईचं नाव मात्र शोधून शोधून दमाल, सापडायचं नाही. राग येणार नाही तर काय!

तिचं नाव सिदोनी एशलीमान. एकोणीसशे दहा साली ती चौपन्न वर्षांची होती. नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तेव्हा कालामचा कारखाना म्हणजे ला शो-द-फों या आमच्या घड्याळवाल्यांच्या गावात, स्टेशनच्या वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. मोठ्या खिडक्यांखाली एक लांबलचक बाक आणि त्या बाकाशी अकरा माणसं. दारापासून दुसरी जागा सिदोनीची. केसाहून बारीक पोलादी तार गोल गुंडाळलेली असते, ती बालकमान. ती आखडते-उलगडते म्हणून घड्याळ चालतं. ती किती लांबीची ठेवायची, कुठे कापायची, कुठे अडकवायची, हे काम सिदोनी तेहतीस वर्षं करत होती. तिच्या हाताला गावात तोड नव्हती, आणि हे तिला स्वतःला कधी खरं वाटलं नाही.

कारण बाई जात्याच भित्री. दारावर कुणी जोरात थाप मारली तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. पण तिच्या सगळ्या भीतींच्या तळाशी एक मोठी भीती होती, आणि ती काही वेडेपणाची नव्हती.

आमच्याकडे माणूस कुठे जन्मला, कुठे राबला, याला कुणी विचारत नाही. कागदावर मूळगाव कुठलं, ते बघतात. सिदोनी जन्मली इथे, शिकली इथे, तिचे आईबाप पुरले गेले इथे. पण तिने लग्न केलं बर्नकडच्या माणसाशी, आणि सही केल्याबरोबर तिचं मूळगाव झालं हिंटरवाल्ड. कुठलं हिंटरवाल्ड! नवऱ्याच्या आजोबांनी ते गाव सोडलं होतं, नवऱ्यानेही ते कधी पाहिलेलं नव्हतं. इथे आम्ही फ्रेंच बोलतो, तिथे जर्मन बोलतात, आणि सिदोनीला त्या भाषेत साधं ‘पाणी द्या’ म्हणता येत नव्हतं. पण उद्या हात थांबले, स्वतःचं पोट स्वतः भरता येईना, की पोलीस येऊन तिला गाडीत बसवणार आणि हिंटरवाल्डच्या गरीबखान्यात पोचवणार. कायदाच तसा होता.

तिने ते डोळ्यांनी बघितलंही होतं. खालच्या मजल्यावर गोटलीब नावाचा पॉलिशवाला म्हातारा राहायचा. त्याचे हात थरथरायला लागले, काम सुटलं, आणि एका सकाळी तो जिन्यावरून उतरला तो हातात पत्र्याची पेटी घेऊन, मागे पोलीस. सिदोनी दूध घेऊन वर येत होती. गोटलीबने टोपी काढली आणि म्हणाला, “चाललो बरं का मी माझ्या गावी,” आणि हसला. त्या ‘माझ्या गावी’वर जिन्यातल्या बायकाही हसल्या. पाच आठवड्यांनी तो वारल्याचं पत्र आलं. सिदोनीला ते हसू पुढे कित्येक महिने जेवताना आठवायचं आणि घास तोंडातच फिरायचा.

आणि अशा बाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला.

आधी उजव्या. तिने सांगितलं, रांजणवाडी झालीय, आणि भिंग डाव्या डोळ्याला लावलं. आठवडा गेला, महिना गेला, भिंग डावीकडेच राहिलं. मग डाव्यातही धुकं आलं. खिडकीच्या उजेडात, भिंगाखाली, तिला कमानीच्या रेषा अजून दिसायच्या. बाकीचं बोटांना पाठ होतं. पण रंग गेले. पांढरं काय, पिवळट काय, तिला सगळं सारखंच. लोझानच्या इस्पितळात ऑपरेशन करतात हे तिला माहीत होतं. त्यात कुणाकुणाचा डोळा कायमचा जातो हेही माहीत होतं, आणि दोन महिने पडून राहायचं म्हणजे बाकावरची जागा गेली, हे तर ठाऊकच होतं. तिने तोंडाला कुलूप घातलं. दोन वर्षं.

तिच्या शेजारी बसायची ऑलिंप. वय एकतीस, हात चांगला, जीभ त्याहून धारदार. रोज सकाळी सगळ्या बाकावर बेंझिन ओतायचं काम तिचं. प्रत्येकाच्या पुढे काचेच्या दोन वाट्या असायच्या: उजवीकडे ताजं बेंझिन, डावीकडे वापरलेलं. मळके भाग डावीकडे धुवायचे, आणि बालकमान बसवण्याआधी शेवटची बुचकळायची ती उजवीकडच्या ताज्या बेंझिनमध्ये. वापरलेलं जरासं पिवळं दिसतं, एवढाच फरक. वास दोन्हींचा एकच.

“काय गं म्हातारे,” ऑलिंप म्हणायची, “कमान बसवतेयस की हुंगतेयस? नाक कापशील एक दिवस!”

बाक हसायचा. सिदोनीही हसायची, आणि मनात म्हणायची, हिला कळलंय का? ही मालकाला सांगेल का?

त्या साली न्यूमा कालामने मनगटी घड्याळाचं वेड घेतलं होतं. तेव्हा पुरुष घड्याळ खिशात ठेवत. मनगटावर बांधायचं ते बायकांनी, तेही नटायला. चौकातल्या कॅफेत न्यूमा शिरला की मोठमोठ्या कारखान्यांचे मालक ओरडायचे, “या या! बांगड्या भरल्यात, आता झगा कधी घालताय?” न्यूमा लालबुंद होऊन परत यायचा आणि जिन्यापासूनच दारं आपटायचा. शेवटी त्याने ठरवलं, या बांगडीला खाली तळ्याकाठच्या वेधशाळेत परीक्षेला बसवायचं. तिथे घड्याळाला सील ठोकून पंचेचाळीस दिवस ठेवतात. उभं, आडवं, पालथं, भट्टीत आणि बर्फाच्या पेटीत, आणि रोज सेकंद मोजतात. खिशातल्या घड्याळांची तिथे बोबडी वळते, मग एवढ्याशा घड्याळाची काय कथा. ते पास झालं तर सगळ्यांची तोंडं बंद. नापास झालं तर निकाल छापून येतो आणि गावभर शोभा होते.

“सिदोनीबाई, कमान तुम्हीच बसवायची,” न्यूमा म्हणाला. “दुसऱ्या कुणाचा हात नको.”

तिला नाही म्हणायचं होतं. पण का म्हणून विचारलं असतं तर? तिने मान हलवली.

तीन दिवस ती त्या कमानीवर वाकून होती. शनिवारी दुपारी बसली एकदाची. घड्याळ टिकटिकलं, न्यूमाने कान लावला, आणि त्या तापट माणसाने सगळ्यांदेखत तिच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं. सोमवारी पहिल्या गाडीने तो घड्याळ घेऊन वेधशाळेत गेला.

आणि त्याच सोमवारी सकाळी सिदोनीने सवयीने उजवीकडे हात नेला, तो थबकला. शनिवारी उजवीकडे वाटी नव्हतीच! त्या घड्याळाची लाकडी पेटी तिथे ठेवली होती, म्हणून तिने दोन्ही वाट्या डावीकडे सरकवल्या होत्या. एकीपुढे एक. मग कमान बुचकळली ती कुठल्या वाटीत?

तिला आठवेना. पुढच्या? मागच्या? तिने डोळे मिटून हात तसाच नेऊन पाहिला, दहा वेळा नेला. हाताला काही सांगता येईना. डोळ्यांनी बघून ठरवलं असेल म्हणावं, तर डोळ्यांना पिवळं दिसतच नव्हतं.

वापरलेल्या बेंझिनमध्ये तेल असतं. कमान वाळली की त्या तेलाचा पातळ थर तिच्यावर राहतो. खोलीत काही कळत नाही, घड्याळ छान चालतं. पण बर्फाच्या पेटीत तेल घट्ट होतं, कमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात, आणि घड्याळ उधळतं. दिवसाला सेकंद नाही, मिनिटंच्या मिनिटं पुढे. शिकायला बसलेल्या पोरींना पहिल्या आठवड्यात हे सांगतात. आणि ही चूक तिने केली असेल, तेहतीस वर्षांनंतर!

बर्फाची पेटी अठ्ठाविसाव्या दिवशी.

तिथून पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. सकाळची कॉफी वाटीतच निवायची. प्रार्थनेला गेली तर पाद्रीबाबांचा एक शब्द डोक्यात शिरेना. ती आपली बोटांवर दिवस मोजत बसायची. नऊ. चौदा. सतरा. जिन्यात बूट वाजले की तिला पोलिसाचेच वाटायचे. कधी मनाची समजूत घालायची, की अगं, ताजीच वाटी असेल. दुपारी परत तेच. सांगून टाकावं का मालकाला? अजून घड्याळ मागे घेता येतं, मागे घेतलेल्याचा निकाल छापत नाहीत. पण पहिलाच प्रश्न येणार, की वाट्या ओळखता आल्या नाहीत म्हणजे काय? आणि मग डोळे. आणि मग हिंटरवाल्ड. नको रे देवा, नको. होईल ते होईल, आपण गप्प बसावं.

ती गप्प बसलीही असती. पण पंचविसाव्या दिवशी न्यूमा बाकामागून येरझाऱ्या घालत होता. धीर त्यालाही धरवत नव्हता. एकदम म्हणाला, “घड्याळात खोट नाही. कमानीत तर नाहीच. आता घोळ झालाच तर तो बेंझिनचा. आणि तसं झालं, ऑलिंप, तर तू या खोलीत नाहीस, या गावात कुठल्याच बाकावर नाहीस. मी बघेन ते.”

“बघा हो,” ऑलिंप म्हणाली. “मलाही गाव बदलायचंच होतं.” पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेला बाप होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

सिदोनीच्या हातातला चिमटा खाली पडला. आपल्या गप्प बसण्याने दुसरीच बळी जाणार, हे पंचवीस दिवसांत तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. स्वतःच्या भीतीत ती इतकी बुडाली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही भीती काही कमी झाली नाही.

सव्विसाव्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आत, ती न्यूमाच्या टेबलापाशी उभी राहिली.

“मालक, कमान मी मळक्या वाटीत बुडवली असेल. नक्की सांगता येत नाही.”

“सांगता येत नाही? म्हणजे काय, सिदोनीबाई?”

“मला पिवळं दिसत नाही.” आणि मग एका दमात, “उजवा डोळा गेलाय, डावा चाललाय, दोन वर्षं झाली.”

न्यूमा ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. त्याने कोट घातला, तिचा कोट तिच्या अंगावर टाकला आणि म्हणाला, “चला. नऊची गाडी मिळेल.”

वाटेत शांब्रलिएँ स्टेशनात इंजिन काढून मागे लावतात आणि गाडी उलट्या दिशेने निघते. सिदोनी इतकी घाबरलेली, की तिला वाटलं गाडी आपल्याला तशीच बर्नकडे घेऊन चालली.

वेधशाळेतल्या चष्मेवाल्या साहेबाने दोनदा विचारलं, “नक्की मागे घ्यायचं? एकदा सील तोडलं की यंदा परत घेता येणार नाही.”

“तोडा,” न्यूमा म्हणाला.

त्याने तिथेच टेबलावर, खिडकीपाशी, घड्याळ उघडलं. भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. कमान उचलून उजेडात धरली. सिदोनीला नुसता त्याचा श्वास ऐकू येत होता.

“स्वच्छ आहे,” तो म्हणाला. “तेलाचा टिपूससुद्धा नाही.”

साहेबाने हळूच एक कागद पुढे सरकवला. पंचवीस दिवसांचे आकडे होते. एकाही दिवशी अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक नव्हता. “यंदाच्या पहिल्या पाचात होतं हे,” साहेब म्हणाला. “वाईट वाटतं हो.”

परतीच्या गाडीत न्यूमा खिडकीकडे तोंड करून बसला होता. सिदोनीच्या लक्षात आलं, की तो रडतोय.

दुपारी दोघं कारखान्यात शिरले तेव्हा सगळा बाक थांबला. न्यूमाने दोन वाक्यांत सांगितलं काय झालं ते. ऑलिंप उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“अगं मूर्ख बाई!” ती सिदोनीवर ओरडली. “वाटी मी बदलली होती! तू मळकीत हात घालणार हे दिसलं मला. तू भिंग पुसायला मान वळवलीस तेवढ्यात मी मळकी उचलून माझी ताजी वाटी ठेवली. दोन वर्षं तेच करतेय मी! रोज! तुला वाटलं काय, मला कळत नाही? मला विचारायचं होतंस एकदा, फक्त एकदा!”

“काल तरी बोलायचं होतंस,” न्यूमा म्हणाला. “मी तुझ्यावर ओरडलो तेव्हा.”

“आणि हिचं काय झालं असतं?”

न्यूमा वाईट माणूस नव्हता. पण ज्या बाईला दिसत नाही तिला बाकावर कसं ठेवणार? शनिवारी त्याने तिला शेवटच्या पगाराचं पाकीट दिलं आणि तिचा हात हातात घेतला. ऑलिंपला मात्र त्याने ठेवली. पुढच्या साली कमान तिने बसवली, घड्याळ पास झालं, आणि इतिहासात परीक्षेचा निकाल छापलाय तो त्या सालचा.

तीन आठवड्यांनी सिदोनीला नगरपालिकेतून बोलावणं आलं. उदरनिर्वाहाचं साधन काय, ते येऊन सांगावं. ती आदल्या संध्याकाळीच पेटी भरून बसली. दोन झगे, नवऱ्याचा फोटो, भिंग. गोटलीबसारखं हसत जिना उतरायचं, असं ठरवलं होतं. पण सकाळी कचेरीच्या पायऱ्यांपाशीच ती कठडा धरून उभी राहिली.

“सरक की,” मागून आवाज आला. “वाट अडवून उभी राहिलीय म्हातारी.”

ऑलिंप होती. कामाचा डगला तसाच अंगावर. तिने सिदोनीचा दंड धरला आणि तिला आत खिडकीपाशी नेलं.

“ही माझ्याकडे राहते,” ती कारकुनाला म्हणाली. “खाणं, लाकूड, औषध, सगळं माझ्याकडे. लिहून घ्या.”

“तुमचं नातं?”

“एका बाकावर बसायचो.”

“बाई, ते काही नातं होत नाही. इथे आई, बहीण, मावशी, सासू, असं काहीतरी लागतं.”

“मग तुम्हीच निवडा त्यातलं एक. मला सगळी चालतील.”

कारकुनाने दोघींकडे बघितलं. मग आत जाऊन कुणाला तरी विचारून आला, बराच वेळ लिहीत बसला, शिक्का मारला आणि कागद खिडकीतून सरकवला. सिदोनीने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. नुसतं राखाडी दिसलं.

“काय लिहिलंय गं?”

ऑलिंपने कागद वाचला. परत एकदा वाचला. “‘राहू द्यावं,’” ती म्हणाली. “चल, घरी बाप एकटा आहे. आणि बटाटे तुलाच सोलायचेत, फुकट नाही ठेवत मी.”

सिदोनी कचेरीच्या दारातच मोठ्याने रडली. महिन्यात पहिल्यांदा. पुढे नऊ वर्षं ती ऑलिंपच्या स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहिली, आणि भीती गेल्यावर माणूस किती बडबडं होतं ते सगळ्या गल्लीने बघितलं. शेवटच्या आजारातही ती म्हणायची, “माझ्याकडे कागद आहे. मला कुणी हलवू शकत नाही.”

कागदावर लिहिलं होतं, ‘एक वर्षापुरतं राहू द्यावं.’ ते तिला कधीच कळलं नाही. दर नोव्हेंबरात ऑलिंप अर्धा दिवस रजा घ्यायची, घरी दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगायची, आणि कचेरीतल्या त्या खिडकीसमोर रांगेत उभी राहायची.